दत्तोबाच्या काचेवरचे ठिपके

पहाटे साडेचारला दत्तोबाचा दिवस सुरू झाला. रोजच होतो. रेल्वेतून निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण ही गोष्ट त्याच्या अंगाला अजून कुणी कळवलेली नाही.

"झाली का हजेरी?" विठाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, गोधडीतूनच विचारलं.

"तू झोप," दत्तोबा म्हणाला आणि बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं जाऊन बसला.

दत्तोबाचं घर भाजे गावात, मळवली स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. नोकरीत तो की-मॅन होता. लोक चावीवाला म्हणत. काम सांगायला सोपं. हातोडी खांद्यावर टाकायची, उजाडायच्या आत आपल्या हद्दीतल्या रुळावरून चालायला लागायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या बघायच्या, ढिली दिसली की ठोकायची. करायला सोपं नव्हतं. जिथं एकट्याच्या हातोडीनं भागत नसे तिथं तो रंगाचा ठिपका देई. लाल म्हणजे आजच्या आज, पिवळा म्हणजे या आठवड्यात. मागून मजुरांची गँग येई, ठिपका बघे आणि काम करी. ठिपका का दिला असं त्याला कुणी कधी विचारलं नाही.

कॉम्प्युटर आला तो नात समीक्षासाठी. रोगाच्या साथीत शाळा बंद पडून घरात आली, तेव्हा दत्तोबानं फंडाच्या पैशातून तो आणला. पुढं शाळा परत शाळेत गेली, समीक्षा कॉलेजला पुण्याला गेली, आणि यंत्र मागं राहिलं. अशा यंत्रावर लोक विणलेला रुमाल टाकतात आणि वर फुलदाणी ठेवतात. दत्तोबाला ते जमलं नाही. घरात बसून खाणारं माणूस त्यानं चालवून घेतलं असतं, बसून राहणारं यंत्र नाही.

फोनचा त्याला उपयोग नव्हता. त्याचा अंगठा एवढा रुंद की एकदा टेकवला की तीन अक्षरं उमटायची आणि तिन्ही चुकीची. माउस मात्र मुठीत बसला. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यानं आपल्या धंद्यातली युक्ती वापरली. सून कोमलकडं नेलपॉलिशच्या नऊ बाटल्या होत्या. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंग नेसायचे असतात. कुठल्या दिवशी कुठला रंग ते आता वर्तमानपत्र ठरवतं आणि देवी मान्य करते. त्यातल्या तीन बाटल्या घेऊन दत्तोबानं समीक्षाला शेजारी बसवलं आणि पडद्याच्या काचेवर, खालच्या पट्टीवर, ठिपके दिले. डाव्या कोपऱ्यात लाल. तिथून यंत्र बंद करायचं. पुढं हिरवा. तिथं दाबलं की गाड्यांचं पान. त्यापुढं पिवळा, समीक्षाच्या फोटोंचा. ठिपके असे भरघोस दिले की खालची चित्रं झाकून गेली. हिरव्याखाली कसलं चित्र आहे हे त्यानं पुढं कधी पाहिलंच नाही. गरज नव्हती.

पहाटे तो गाड्या बघायचा. कुठली वेळेवर, कुठली रखडली. मग ओट्यावर येऊन बसायचा. तळेगावच्या दवाखान्यात आया असलेली सविता पहिल्या लोकलला निघायची.

"आबा, लोकल?"

"लोणावळा सोडलं न्हाई अजून. सावकाश जा."

सविताकडं फोन होता. जाणाऱ्या प्रत्येकाकडं फोन होता. पण फोन पिशवीतून काढावा लागतो, दत्तोबा ओट्यावर आयता असायचा.

त्याला त्यात एकच गोष्ट प्यारी होती. नोकरीत मुकादमाला विचारावं लागलं, घरात बायकोला, आता गुडघ्यांसाठी डॉक्टरला. कॉम्प्युटरपाशी त्याला कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. लोकच त्याला विचारत होते.

ही मोकळीक मोडली गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी.

गाव गाढ झोपलं होतं. दत्तोबानं यंत्र चालू केलं, बाण हिरव्या ठिपक्याखाली नेला आणि दाबलं. त्या दिवशी काचेवर रोजच्याऐवजी एक भलं मोठं निळं पान आलं होतं. पानावर इंग्रजीत बरंच काही होतं, एक हसणारी बाई होती आणि खाली एक ठळक बटण होतं. नेमकं हिरव्या ठिपक्याखाली. दत्तोबानं पान पाहिलं. पण ठिपका असताना पान कशाला वाचायचं? गँगनं कधी वाचलं नव्हतं.

यंत्रानं होकार घेतला आणि कामाला लागलं. म्हणजे काचेवर एक चक्र फिरायला लागलं. ज्याला काम करताना घाम येत नाही त्याचं काम किती झालं ते कळत नाही, म्हणून हे यंत्र टक्के दाखवतं. दुपारपर्यंत टक्के भरले. सगळं नवीन झालं.

लाल ठिपक्याखाली काही नव्हतं. हिरव्याखाली काही नव्हतं. सगळी चित्रं पट्टीच्या मधोमध गोळा होऊन बसली होती, पंगतीत आधीच जागा धरल्यासारखी.

मुलगा प्रदीप जेवायला बसला होता. तो टाकव्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. दुसऱ्यानं काम केलं का, हे बघण्याचं त्याचं काम.

"कुणी केलं हे?" दत्तोबानं विचारलं.

"तुमीच केलं असंल, आबा. विचारल्याबिगर ते काय करत न्हाई."

"मला कुणी विचारलं न्हाई."

"विचारलं असंल. तुमी व्हय म्हणला असाल."

"मी उगाच व्हय म्हणत नसतो."

"हे मातुर खरं हाय," विठाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "लग्नात बी म्हणले न्हाईत. नुसती मान हलवली."

प्रदीपनं डोकं चालवलं. "मग ठिपके मधी सरकवा की. तितं द्या."

दत्तोबानं तेही करून बघितलं होतं. मधल्या एका चित्रावर खडूनं खूण केली आणि दाबलं. ते उघडलं, पण उघडल्याबरोबर शेजारची सगळी अर्धा बोट सरकली. एक नवं आलं की बाकीची जागा करून देत होती. माणसांत हा गुण चांगला. रूळ असा वागला तर गाडी शेतात जाते.

"नवं चांगलं असतंय, आबा. शिवाय फुकट देतेत."

"फुकट कशापायी देतेत? आमाला रेल्वेनं बूट बी सही घेतल्याबिगर दिले न्हाईत."

"बरं, मग जुनं परत आणू. सोय हाय. दहा दिवसांच्या आत मागं जाता येतंय. सेटिंगात एक बटन असतं. पाच मिंटाचं काम."

"मग कर."

"आता शिफ्टला चाललो. उद्या करतो."

दत्तोबाला तिथंच शंका आली. तासाभराचं काम असलं तर माणूस उठून करतो. पाच मिनिटांच्या कामाला कुणाला कधी वेळ मिळालेला त्यानं पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रदीप दाढी करत होता. दत्तोबा मागं जाऊन उभा राहिला.

"ते बटन."

प्रदीपनं आरशातून बघितलं. "आबा, आजपासून पंधरवडा लागला."

"मग?"

"मग काय? गेल्या साली मोटारसायकल ठरली व्हती. तुमीच म्हणला, पितरांचे दिवस हायत, नवी वस्तू घरात येणार न्हाई. पुरा पंधरवडा कान्हे फाट्यावरनं कंपनीपातुर चालत गेलो."

"ती नवी वस्तू व्हती. हे नवं कुटंय? जुनंच परत आणायचंय."

"मोटारसायकल बी जुनीच व्हती," विठाबाई आतून म्हणाली. "सेकंडहँड. तवा तुमी म्हणला, कुणाला का जुनी असंना, आपल्याला नवीच."

कोमल भांडी लावत होती. तिनं तोंड भिंतीकडं केलं. हसू लपवायला घरात तेवढीच जागा होती.

नियम त्याचाच होता. आणि एक चावी ढिली ठेवली की पुढच्या आपोआप ढिल्या होतात, हेही त्याचंच सांगणं.

"आन् ते दहा दिवसांचं?"

"दहा म्हणजे काय अगदी दहा नसत्यात," प्रदीप गाल पुसत म्हणाला. "लाइट बिलाला बी चार दिवस वाढवून मिळत्यात. येवढी मोठी कंपनी, तिच्यात पंधरवडा पाळणारं कोन तरी असंलच."

हे दत्तोबाला पटलं. सोमवारी येणारे तपासणीचे साहेब गुरुवारी आलेले त्यानं आयुष्यभर पाहिले होते. मोठ्या जागी मुदत सैल असते असा त्याचा पक्का समज होता.

मग दिवस जायला लागले. साडेचारला डोळे उघडत. दत्तोबा उठे, काचेपुढं बसे, ठिपक्यांकडं बघे आणि उठून ओट्यावर येई. ओट्यावर आता तो कानावर काम चालवत होता. खंडाळ्याच्या बाजूनं मालगाडीचा आवाज आला की मनात हिशेब मांडायचा. मालगाडी पुढं म्हणजे लोकल मागं.

"आबा, लोकल?" सवितानं विचारलं.

"लेट हाय. चहा घे, मग जा."

सविता विठाबाईपाशी चहाला बसली. कप अर्धा झाला नाही तोच लोकल वेळेवर आली, मळवलीत थांबली आणि वेळेवर गेली. सवितानं कप खाली ठेवला. पिशवी उचलून निघाली. दवाखान्यात तिला जे काय बोलले असतील ते बोलले असतील. दुसऱ्या दिवसापासून ती ओट्यापुढून जाताना पिशवीतून फोन काढायला लागली. तिच्या मागून जाणाऱ्यांनीही काढले. कुणी वाईट वागलं नाही. सगळे "काय आबा" म्हणत आणि फोनमध्ये बघत पुढं जात. पितरांना ताट ठेवतात तशी त्यांनी दत्तोबाची सोय लावली. मान द्यायचा, पण काही विचारायचं नाही.

सीताराम मात्र रोज येऊन बसे. सीताराम त्याचा गँगमधला जोडीदार. नोकरीत हातापेक्षा तोंड जास्त चालवलेला आणि त्यामुळं तब्येतीनं चांगला राहिलेला.

दत्तोबाच्या वडिलांच्या तिथीला न्हाणीच्या पत्र्यावर पितरांची वाडी ठेवली. कावळे आले, लांब बसले, खाईनात. विठाबाईनं हात जोडले, प्रदीपनं जोडले. कावळे हलेनात.

"तुझा म्हातारा विचारतोय," सीताराम म्हणाला, "कॉम्प्युटर कवा नीट करणार."

"गप बस."

"विचारून तर बघ. त्यो बी रेल्वेतच व्हता. त्येला बी गाड्यांची काळजी."

दत्तोबानं कुणाला दिसणार नाही असे हात जोडले आणि मनातल्या मनात म्हणाला, घट बसले की पहिलं तेच काम करतो. एक कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला. सीतारामनं फक्त टाळीला हात पुढं केला. दत्तोबानं टाळी दिली नाही.

घट बसले. देवीपुढं दिवा लागल्याबरोबर दत्तोबानं प्रदीपला धरून काचेपुढं बसवलं. प्रदीपनं इकडं दाबलं, तिकडं दाबलं, मान पुढं नेली.

"बटन न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"व्हतं. आता न्हाई. काढून घेतलं त्यांनी. दहा दिवस झाले की काढतेत."

"तू म्हणला वाढवून देतेत."

"मला वाटलं देतेत."

दत्तोबाला राग यायला पाहिजे होता, तसा आलाही. पण दहा म्हणजे दहा असं पाळणारं कुणीतरी जगात आहे, हे बघून त्याला आतून जरा बरंही वाटलं. फक्त ते त्याच्याच वाट्याला यायला नको होतं.

"दुसरा रस्ता?"

"लोणावळ्यात आदिनाथ म्हणून एक हाय, रिपेरिंग करतो. त्यो सगळं कोरं करून जुनी सिस्टीम टाकून देईल. नुसता डबा न्यायचा."

दत्तोबानं नुसता डबा नेला नाही. त्यानं पडदा गोधडीत बांधला, कीबोर्ड टॉवेलात, माउस खिशात आणि वायरी गुंडाळून पिशवीत. डबा स्वतःच्या खांद्यावर. पडदा सीतारामकडं दिला, कारण सीताराम बघायला येणारच होता. दोघं मळवलीला लोकलमध्ये चढले. शनिवार होता. लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर सहलीला आलेली माणसं चिक्कीच्या दुकानांतून कष्ट केल्यासारखी घाम पुसत बाहेर पडत होती.

"काय दिवस आले," सीताराम म्हणाला. "लोक हितं चिक्की न्यायला येतात आन् आपण जुनं न्यायला आलोय."

आदिनाथचं दुकान दोन चिक्कीवाल्यांच्या मधल्या बोळात होतं. तिशीचा माणूस, टेबल स्वच्छ, स्क्रू डबीत, डबीला झाकण. दत्तोबाला तो बघताक्षणी आवडला.

"आबा, डबाच पुरे होता. स्क्रीन कशाला आणलीत?"

"कामाचा चार्ज द्यायचा तर पुरा द्यावा. हातोडी दिली आन् दांडा घरी ठेवला, असं आमच्यात करत न्हाईत."

"बरं. आत काही महत्त्वाचं आहे का? सगळं पुसलं जाईल. फोटो, कागदपत्रं?"

"फोटो नातीकडं हायत. आत माझं काय न्हाई. माझं सगळं काचेवर हाय."

आदिनाथनं आदरानं मान हलवली. म्हातारी माणसं असं काहीतरी बोलतात, हे त्याला ठाऊक होतं.

"आणि काय काय वापरता?"

"गाड्या बघतो."

"परवा या."

परवा गेले. डबा तयार होता, पडदा गोधडीत नीट बांधून ठेवला होता. दत्तोबानं बांधली होती त्याहून गाठ चांगली होती.

"घ्या आबा, जुनी सिस्टीम. गाड्यांचं पान खालच्या पट्टीवर ठेवलंय." पैसे घेता घेता आदिनाथनं सहज विचारलं, "पण नवीत अडचण काय होती?"

"चित्रं मधी गेलती. मला डावीकडं लागत्यात."

"एवढंच? ती डावीकडं घेता येतात. नव्या सिस्टीममध्येपण. एक क्लिक."

सीताराम बाकावर बसला. त्याला उभं राहून हसणं झेपत नव्हतं.

"मग आदी का न्हाई सांगितलं?" दत्तोबानं विचारलं.

"तुम्ही म्हणालात जुनी टाक. मी टाकली."

दत्तोबानं विचार केला. सांगितलं तेवढं केलं, सांगितलं तसं केलं, सांगितल्या दिवशी दिलं. या माणसाला बोलायला जागा नव्हती. त्यानं डबा खांद्यावर घेतला.

"एक क्लिक, दत्तू," गाडीत सीताराम म्हणाला. "आन् ते पाच मिंटाचं बटन. सगळी कामं सोपीच व्हती की रं."

"पडदा नीट धर."

घरी आल्यावर दत्तोबानं वायरी जोडल्या, गोधडी सोडली आणि तसाच उभा राहिला. काच लखलखत होती. तिच्यात खोली दिसत होती, दारातली विठाबाई दिसत होती, स्वतः दत्तोबा दिसत होता. ठिपका एकही नव्हता.

कोमलनं आदिनाथला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"हां, आबा," आदिनाथ म्हणाला. "स्क्रीनवर फार डाग होते. नेलपेंटसारखं काहीतरी चिकटलं होतं. तासभर घासलं बघा. दोन प्रकारचं लिक्विड लावलं, ओरखडा येऊ दिला नाही. त्याचे पैसे लावले नाहीत हं."

विठाबाई दत्तोबाच्या तोंडाकडं बघत होती. आता काय निघतंय?

"कष्ट केले तू," दत्तोबा फोनला म्हणाला. "चांगलं केलंस."

फोन ठेवल्यावर विठाबाई म्हणाली, "येवढी वर्सं मला फडकं लावू दिलं न्हाई. पलीकडच्यानं घासलं तर शाबासकी."

"त्येनं तासभर घासलंय."

"मी बी घासलं असतं."

दत्तोबा काचेपुढं बसला. जुनी सिस्टीम आली होती. चित्रं डावीकडं होती, जागा सोडत नव्हती. कुठलं चित्र कशाचं, तेवढं त्याला माहीत नव्हतं.

"आबा, मी दाखवते," कोमल म्हणाली.

"नको. मी बघतो."

मग त्यानं हद्द चालायला घेतली. पट्टीच्या डाव्या टोकापासून सुरुवात. पहिलं चित्र, दाबलं. काय उघडलं ते पाहिलं, बंद केलं. पुढचं, दाबलं. एका ठिकाणी आकडे मांडायचं निघालं. एका ठिकाणी यंत्र इंग्रजीत काही विचारायला लागलं, त्याला उत्तर न देता तो मागं आला. एकदा पडदा काळा झाला आणि विठाबाईनं देव्हाऱ्याकडं पाहिलं. यंत्र परत चालू झालं, दत्तोबा परत पहिल्यापासून निघाला. मधली चावी तपासली नाही आणि पुढं गेलो, असं त्यानं नोकरीत केलं नव्हतं. दिवेलागणीला गाड्यांचं पान सापडलं. त्याचं चित्र होतं एक रंगीत चकली. इतकी वर्षं हिरव्या ठिपक्याखाली ही असणार, असं त्याला वाटलं नव्हतं.

आता रंग. कोमलनं बाटल्या समोर मांडल्या, पण हात वर ठेवून.

"आबा, लाल आन् हिरवा अजून यायचेत. वापरला तर दसऱ्यापातुर पुरायचा न्हाई. करडा झाला माझा, तो घ्या."

करड्या पट्टीवर करडा ठिपका. दत्तोबानं बाटली परत दिली. रात्रीपुरतं विठाबाईच्या करंड्यातलं कुंकू बोटानं लावलं.

सकाळी साडेचारला कुंकू कीबोर्डवर सांडलेलं होतं. दत्तोबानं ते फुंकलं, यंत्र चालू केलं आणि हात माउसवर ठेवला.

काचेवर निळं पान आलं. तेच. तीच हसणारी बाई, खाली तेच ठळक बटण. जुन्या सिस्टीमला पुन्हा नवी व्हायची घाई झाली होती.

दत्तोबानं माउसवरचा हात उचलला. यंत्राला हात लावला नाही, बंद केलं नाही. तो बसून राहिला. बाहेरून लोकलला जाणारी माणसं गेली. फोनच्या उजेडात त्यांची तोंडं दिसत होती. कोमल उठून आली तेव्हा तो तसाच बसला होता.

"कोमल," तो म्हणाला. घरातली सगळी माणसं थांबली, कारण काचेवर काय लिहिलंय ते तो पहिल्यांदाच कुणाला विचारणार होता. "ह्यात नको कुटं लिवलंय?"

कोमल वाकली. "ते मोठं बटन म्हणजे आत्ता घ्या, आबा."

"ते कळलं. नको कुटंय?"

तिनं बराच वेळ शोधलं. मग अगदी खाली, कोपऱ्यात, निळ्यावर फिकट निळ्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "हे. जुनंच राहू द्या."

"येवढंसं?"

"येवढंसंच असतं."

"बोट काढू नको."

दत्तोबानं खडू आणला, तिच्या बोटाभोवती गोल काढला आणि विठाबाईला खुर्चीवर बसवलं. "कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. प्रदीपला तर न्हाईच." मग पायताण घातलं आणि गावच्या लेण्याच्या पायथ्याला गेला.

तिथं आक्काबाईचं दुकान. सहलीच्या लोकांना टोप्या, काकडी, बांगड्या आणि टिकल्या विकायचं. ती नुकती फळ्या काढत होती.

"एवढ्या सकाळी, भाऊ? काय देऊ?"

"नखाला लावायचा रंग."

"सुनंला का?"

"न्हाई. मला."

आक्काबाईनं हात थांबवला नाही. लेण्याला येणाऱ्या लोकांनी तिच्याकडं याहून काय काय मागितलं होतं. तिनं ट्रे पुढं केला. "कंचा? ह्यो चेरी हाय, ह्यो मरून, ह्यो लग्नातला."

"सिग्नलचा दे."

तिनं बाटल्या उजेडाकडं धरल्या. त्यानं नीट बघून एक घेतली. पेन्शनच्या पैशातून दिले, घासाघीस केली नाही. घरी येऊन खडूच्या गोलात भरघोस ठिपका दिला, फुंकर मारून वाळवला आणि मग त्याच्याखाली दाबलं. निळं पान गेलं. दुसरा ठिपका त्यानं चकलीवर दिला.

सविताची त्या दिवशी दुपारपाळी होती. ती ओट्यापुढून निघाली, हात पिशवीत घातला, दत्तोबाला बसलेला पाहिलं आणि हात तसाच ठेवून थांबली.

"आबा, लोकल?"

"वेळेवर हाय. बिगीनं जा."

ती गेली. दत्तोबानं मागं वळून काचेकडं एकदा पाहिलं.

फंडाच्या पैशात घराचा स्लॅब पडला, मुलीचं, राजेश्वरीचं, लग्न झालं, नातीची शाळा झाली. उन्हातान्हात रुळावर घालवलेल्या वर्षांच्या पेन्शनमधून शेवटी आली ती नेलपॉलिशची एक लाल बाटली, नको म्हणायची जागा लक्षात राहावी म्हणून.